चावडीपुढचा झिम्मा

(लोककला आणि बायकांचे हक्क या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. काही लांबलचक होती, त्यांना कात्री लावली आहे. नावं छापू नका असं बहुतेकींनी लिहिलं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.)

आमच्या बचत गटाचा दर ८ मार्चला कार्यक्रम असतो. भाषणं होतात, हळदीकुंकू होतं, पाहुण्यांना नारळ दिला जातो. यंदा पथनाट्य करायचं ठरवलं, तर पुरुषांसमोर उभं राहायला एकही बाई तयार नाही. आणि ग्रामसभेला तर कुणी फिरकत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका, बार्शी तालुका

बाई, पथनाट्याचा नाद तूर्त सोडा. पथनाट्यात एकटीनं पुढं येऊन बोलावं लागतं. पारावर सासरा बसलेला, थोरले दीर बसलेले. त्या पारापुढून जाताना जी पदर सावरून खाली बघत जाते, तिला तुम्ही तिथंच उभं राहून मोठ्यानं बोलायला सांगताय. ती नाहीच म्हणणार.

तिला जे येतं तिथून धरा. झिम्मा, फुगडी, पिंगा, हादग्याचा फेर. हे शिकवायला बाहेरून कुणी आणावं लागत नाही, उलट तुम्हालाच त्या शिकवतील. फेराची खुबी अशी की सगळ्यांची तोंडं आत आणि पाठी बाहेर असतात. कोण बघतंय ते दिसतच नाही. एकीनं ओळ सांगायची, बाकीच्यांनी झेलायची, त्यामुळं पाठांतराची भीती नाही. पहिले काही फेर असेच होऊ द्या. मग एक दिवस गोल फोडून अर्धगोल करा. आता तोंडं गावाकडं झाली. त्या दिवशी आवाज थोडा पडेल, पडू दे.

आमच्या कलापथकात माझा सगळा आग्रह जागेसाठी असायचा. गाणं बरं असलं-नसलं तरी चालेल, जागा नेमकी हवी. बाई देवळापुढं खेळली तर कुणी काही म्हणत नाही. तोच फेर ग्रामपंचायतीपुढच्या मोकळ्या जागेत धरा, मग बघा कोण कोण खाकरतं. तिथं दोनदा-तीनदा खेळलेल्या बाईला ग्रामसभेच्या दिवशी ती पायरी परकी वाटत नाही. तुम्हाला गाण्याकडून एवढंच काम करून घ्यायचंय.

मुहूर्ताचं म्हणाल तर ८ मार्च सोडा. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. आता पंचांग काढा. १५ ऑगस्टच्या आसपास श्रावण, नागपंचमी, मंगळागौर. २ ऑक्टोबरच्या मागंपुढं हादगा आणि नवरात्र. या दिवसांत बायका एकत्र जमून खेळल्या तर कुठल्या घरात 'कशाला चाललीस' असं विचारत नाहीत. शिवाय आपल्याकडं नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. पुष्कळ गावांत ती रजिस्टर घरोघर फिरवून, सह्या घेऊन उरकतात. तुम्ही त्या सभेची तारीख लेखी मागून घ्या आणि तासभर आधी तिच्या दारातच फेर धरा.

गाण्यात मागणी एकच ठेवा. 'स्त्रीशक्तीचा विजय असो' याचा ग्रामसेवक ठराव कसा लिहिणार? 'शाळेमागच्या शौचालयाला दार बसवा' हा लिहिता येतो, आणि पुढच्या सभेत दार बसलं का म्हणून विचारताही येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. मंगळागौर आणि हळदीकुंकू सवाष्णींचं. म्हणजे गावातल्या विधवा आपोआप बाहेर. आणि माझा अनुभव असा की ग्रामसभेत सगळ्यांत ठणकावून बोलायची ताकद त्यांच्यातच असते, कारण घर, शेत, तलाठी, बँक हे सगळं त्यांनी एकटीनं निभावलेलं असतं. तेव्हा पूजा घरात राहू द्या, खेळ बाहेर आणा, आणि ओळ सांगायला मुद्दाम एखाद्या विधवा बाईला उभं करा. कुणी नाक मुरडलं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं नाव घ्या. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला : नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला आम्ही सह्या गोळा करतोय. गाणी बसवायची आहेत. आमच्यातली एक बाई दारुड्या नवऱ्याची नक्कल फार भारी करते. तिच्यावरच कार्यक्रम रचावा का?
— बचत गटाची अध्यक्ष, पाटण तालुका

नक्कल ठेवा, पण पाच मिनिटं. लोक पोट धरून हसतात आणि हसून घरी जातात. तुमची लढाई आकड्यांची आहे.

गावासाठीचा नियम गटातल्या प्रत्येकीला तोंडपाठ हवा. २००८ च्या आदेशाप्रमाणं गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींच्या सह्यांचा अर्ज लागतो. सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान होतं. पत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. खरी मेख पुढं आहे. आलेल्या मतांच्या निम्मी मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत ८०० बायका आहेत. ३९० जणींनी आडवी केली आणि फक्त २० जणींनी उभी, तरी दुकान चालूच. घरी बसलेली, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, ऊसतोडीला गेलेली, मुंबईला राहायला गेलेली, मेलेली पण यादीत उरलेली, सगळ्या दुकानदाराच्या बाजूनं धरल्या जातात. (अर्ज द्यायच्या आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयातून चालू नियम लेखी घ्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा.)

हे कळलं की गाणं कसं हवं ते आपोआप ठरतं. दारू वाईट, हे कुठल्या बाईला सांगायचंय? तिला यादी बघायला लावायचंय आणि त्या दिवशी घराबाहेर काढायचंय. झिम्म्याच्या ठेक्यावर मी एका गटाला अशा ओळी करून दिल्या होत्या :

ऊठ गं सखे, चावडीला जाऊ,
यादीत आपलं नाव पाहू,
नाव पाहू, जावेला नेऊ,
बाटली आडवी करून येऊ!

कविता म्हणून यात काही राम नाही. पण 'जावेला नेऊ' या ओळीवर प्रत्येक जण शेजारणीचा हात धरून तिला फेरात ओढते, आणि मतदानाच्या दिवशीही तसंच होतं. एका वस्तीला एक टोळी करा. वासुदेव येतो त्या वेळेला, पहाटे, फेरी काढा, कारण तेव्हाच सगळ्या घरी सापडतात. टोळीत एकीच्या हातात टाळ आणि दुसरीच्या हातात मतदार यादीची प्रत. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, तेव्हा अर्ज त्याच्या पुष्कळ आधी जाईल असं बघा. मतदानाची तारीख सरकार ठरवतं, अर्जाची तुमच्या हातात आहे.

आता त्या नक्कल करणाऱ्या बाईबद्दल. कार्यक्रम झाल्यावर रात्री तिच्या घरी काय होणार, हे तिला आधी, एकटीला गाठून विचारा. नक्कल कुणाची आहे हे गावाला कळतंच, नाव घ्यावं लागत नाही. धोका वाटत असेल तर ती भूमिका दुसऱ्या वस्तीतल्या बाईला द्या, कार्यक्रमाच्या रात्री तिच्या झोपायची सोय दुसरीकडं करा. १८१ आणि ११२ हे दोन्ही नंबर गटातल्या सगळ्या फोनमध्ये घालून ठेवा. स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी काढा आणि दहाच्या आत आटपा. नाहीतर दुकानदाराला तेवढंच निमित्त मिळतं.

चिलीतल्या बायकांनी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून केलेलं नाच-गाणं व्हिडिओवर पाहिलं. ते हिंदीत करून कॉलेजमध्ये सादर करायचंय. काही मित्र म्हणतात, ही नुसती नक्कल. तुम्हाला काय वाटतं?
— विद्यार्थिनी, पुणे

मित्रांचं अर्धं खरं आहे. आधी ते कसं घडलं ते बघ. वालपाराइसो हे चिलीतलं बंदराचं शहर. तिथल्या 'लास तेसिस' या चौघींच्या गटानं ते रचलं. रीता सेगातो या अर्जेंटिनाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं बलात्कारावरचं लेखन लोकांपर्यंत न्यायचं, ही त्यांची खटपट. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते रस्त्यावर आलं तेव्हा देश आधीच पेटलेला होता. ऑक्टोबरमध्ये मेट्रोचं भाडं वाढल्याचं निमित्त होऊन मोठं आंदोलन उसळलं होतं, आणि पकडलेल्या बायकांशी पोलीस कसं वागतात याच्या तक्रारी येत होत्या. त्या नाचात बायका उकिडव्या बसतात ना, ती कोठडीत अंगझडतीच्या वेळी करायला लावलेली बैठक आहे. गाण्यात पोलिसांच्याच गीतातल्या ओळी घातल्या आहेत. तिथल्या बाईला हे सगळं क्षणात कळतं. तुझ्या कॉलेजच्या कट्ट्यावर ती नुसती उठाबशी दिसेल.

त्यांची कारागिरी उचल. पावलं इतकी सोपी की कधी न नाचलेलीलाही थोड्या वेळात जमतात. कुणी नायिका नाही, सगळ्या एका ओळीत. ठेका टाळ्यांवर धरता येतो. आणि हालचाल अनुभवातून आलेली. मग तुमच्या अंगात कुठल्या हालचाली मुरल्या आहेत? पीएमटीत बॅग छातीशी आवळून उभं राहणं. रात्री होस्टेलवर परतताना किल्ली बोटांत धरून चालणं. ओढणी नीट करणं. फोन कानाला लावून खोटं खोटं बोलणं. एवढ्या चार गोष्टी शंभर मुलींनी एका ठेक्यावर केल्या तर पुण्यातल्या कुठल्या मुलीला अर्थ सांगावा लागेल?

आणि ते कुठं करणार? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तुमच्या कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर कुठल्या फलकावर लावलेत ते शोध. सापडले तर त्या फलकापुढं करा. नाही सापडले तर प्राचार्यांच्या केबिनबाहेर करा, आणि संपल्यावर लेखी मागणी देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

गाण्यांनी आणि नाटकांनी कायदे बदलतात, असं काही लोक सांगतात. हे खरं आहे का?
— निवृत्त कारकून, अहिल्यानगर

नाही. बदलत असते तर आपल्या राज्यात एव्हाना एकही अन्याय उरला नसता, इतकं आपण गायलोय. सत्यशोधकांचे जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले, १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं. ही परंपरा मोठीच आहे. पण तिच्यात फडावर उभे राहणारे बहुतांशी पुरुष होते, आणि बाईचं दुःखही बऱ्याचदा पुरुषच गात होते, हेही बोललं पाहिजे.

१९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं 'मुलगी झाली हो' उभं केलं. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं. त्यात संघटनेच्या कार्यकर्त्याच उभ्या राहिल्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात १९८८ मध्ये झाला, केंद्राचा १९९४ मध्ये. दोन तारखा जवळ आहेत म्हणून नाटकानं कायदा केला असं म्हणायचं नाही. त्यासाठी कार्यकर्ते, डॉक्टर, वकील यांनी स्वतंत्र मोहीम चालवली, निवेदनं दिली, आकडे गोळा केले. पण मुलगी झाली म्हणून सुतक धरलेल्या घरातलं बोलणं चौकात आलं, ते अशा नाटक-गाण्यांमुळं. चौकात न आलेल्या गोष्टीवर विधानसभेत कोण कशाला बोलेल?

मतदार जागृतीसाठी लावणी कलावंतांचा कार्यक्रम ठेवायचा आहे. समाजाचं काम आहे, तर बिनमानधन येतील का?
— मंडळाचा कार्यकर्ता, वाळवा तालुका

येतीलही. पण विचारू नका. मंडपवाल्याला पैसे देता, साउंडवाल्याला देता, मग नाचणाऱ्या बाईनंच समाजसेवा का करायची? विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं, आणि त्यांची अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली. आपल्या कौतुकाची ही रीत आहे. मानधन ठरवा, अर्धं आधी द्या, कपडे बदलायला दार लागणारी खोली द्या.

आणखी एक. फडातल्या बायका दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गावोगाव फिरत असतात. मतदान करा म्हणून ज्यांच्याकडून गाऊन घेणार, त्यांचं स्वतःचं नाव कुठल्या गावच्या यादीत आहे, ते ठरवायला जाल तेव्हा विचारा. ज्यांचं कुठंच नसेल त्यांच्यासाठी नमुना ६ चे कोरे अर्ज सोबत ठेवा.