हेडलाइट घरी काढायचीय? मग एवढं बघ

भावा, आधी सांग, नुसता बल्बच गेलाय का? कारण बल्बसाठी बऱ्याच गाड्यांत अख्खी लाइट काढावी लागत नाही, बॉनेट उघडून मागून कनेक्टर काढ, रबरी टोपी ओढ, तारेची क्लिप सोडव की एच४ (हेडलाइटचा नेहमीचा हॅलोजन बल्ब) हातात. फक्त बल्बच्या काचेला बोट लावू नको, तेलकट डाग राहिला की हॅलोजन लवकर उडतो.

लाइटच बदलायची असेल तर १० नंबरचा सॉकेट घे आणि घाई करू नको.

- वरचे बोल्ट काढले की लाइट हलते पण बाहेर येत नाही, आणि नवीन माणूस नेमका इथेच जोर लावतो. एखादा बोल्ट बंपरमागे लपलेला असतो, त्यासाठी बंपर थोडा सैल करावा लागतो. ओढलीस तर बोल्ट बसतो तो लाइटचा प्लास्टिकचा कान तुटणार आणि मग लाइट खड्ड्याखड्ड्याला थरथरणार.
- बंपरच्या प्लास्टिक क्लिपची मधली पिन आधी वर घे, मग क्लिप काढ.
- कनेक्टर लॉक दाबून काढ, वायरला धरून नाही.
- फेंडरच्या कडेला मास्किंग टेप लाव, रंग वाचतो.

थंडीत भल्या सकाळी नको करूस, गार प्लास्टिक पटकन तुटतं. बंपर परत बसवायच्या आधी लाइट लावून बघ, आणि रात्री भिंतीवर दोन्ही झोत एका उंचीवर पडतायत ना ते पण.