किमान उत्पन्नाचा हक्क : युरोपात काय घडले?

प्रश्न : युरोपात किमान उत्पन्नासाठी झटणाऱ्या संस्थांच्या हाती नेमके काय लागले? — एक घरकामगार कार्यकर्ती, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : तेथील मागणी किमान वेतनाची नाही, काम असो वा नसो, सन्मानाने जगता येईल एवढ्या उत्पन्नाची हमी मिळावी, अशी आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘युरोपियन अँटी-पॉव्हर्टी नेटवर्क’ या गरिबीविरोधी संस्थांच्या जाळ्याने गरिबी भोगणाऱ्यांनाच बोलते करत ती लावून धरली, २०१८ मध्ये तिच्या प्रचारासाठी देशोदेशी बसयात्राही निघाली. युरोपीय संघाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या सामाजिक हक्कांच्या तत्त्वांपैकी चौदाव्या तत्त्वात हा हक्क नोंदवला गेला आणि २०२३ मध्ये संघाच्या परिषदेने सदस्य देशांना तशी शिफारस केली. शिफारस पाळणे मात्र बंधनकारक नसते; म्हणूनच या संस्था बंधनकारक कायदेशीर निर्देश मागतात, आणि ते आम्हांला रास्त वाटते.