डोळे मिटून केलेला टॅकल

“मॅडम, रग्बीला जातो हौसेनं, पण कुणी अंगावर आलं की मागे सरकतो. घाबरटच आहे. काढून घेऊ का क्लासमधून?”

नाशिकमध्ये मुलांचं समुपदेशन करताना पालकांकडून हा प्रश्न आता वरचेवर ऐकू येतो. २०१६ला रग्बीचा सात जणांचा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला, २०२५च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, आणि मुलांनी हट्ट धरले. टीम नवी, मैदान मुरमाचं, मुलं कबड्डीतून नाहीतर धावण्याच्या शर्यतींतून आलेली. पहिली एकदोन वर्षं अशी टीम हरतेच. पालकांना ते हरणं सलतं, आणि त्याचं खापर कुणाच्या तरी भित्रेपणावर फुटतं.

इथे सांगते तो मुलगा तेरा वर्षांचा. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वडील सातपूरच्या कारखान्यात, तरुणपणी कबड्डी खेळलेले. टीम नुकतीच ०–४५ अशी हरली होती. ट्राय पाच गुणांचा, म्हणजे समोरच्यांनी नऊ वेळा चेंडू रेषेपलीकडे टेकवला.

“नऊपैकी चार याच्या बाजूनं गेले,” वडील म्हणाले.

मुलगा चपलेचा अंगठा कुरतडत होता. हळूच म्हणाला, “मी विंगला, अगदी कडेला, उभा राहतो. तिकडे चेंडू येत नाही म्हणून.”

हे त्यानं बरोबर हेरलं होतं. नव्या टीमचे पास मधेच गळतात, कडेपर्यंत पोचतच नाहीत. (एक कारण फार साधं आहे: दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू हवा, दुकानदार मोठ्यांचा पाच नंबरचा देतो, आणि तो लहान पंजात मावत नाही.) पण समोरची टीम कडेला कोण उभं आहे ते पाहते आणि तिथूनच पळते.

पहिल्या दोन भेटी मी त्याला धीर देण्यात घालवल्या. काही उपयोग झाला नाही. भीती शब्दांनी जात असती तर घरी वडिलांनी एवढं सुनावल्यावर केव्हाच गेली असती.

तिसऱ्या भेटीत बैठकीवरचा लोड छातीशी धरून मी उभी राहिले. म्हटलं, “मैदानावर चेंडूवाल्याला धरून पाडतोस, तसा टॅकल करून दाखव.”

आला. जोरात आला. शेवटच्या पावलाला डोळे गच्च मिटले, मान वळवली आणि कपाळ थेट लोडाच्या मधोमध.

“लोड कुठे होता?”

“समोर.”

“शेवटचा दिसला कधी?”

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, “दिसलाच नाही.”

“आणि डोकं कुठे ठेवायचं, ते सांगितलंय कुणी?”

“सर म्हणतात, कमरेत घुस.”

मी लोड खाली ठेवला. मुलगा घाबरट नव्हता. धावत्या माणसाच्या गुडघ्यासमोर आपलं डोकं जातंय, हे त्याच्या अंगाला कळलं होतं, म्हणून ते मागे सरकत होतं. या कामात माझ्या हाती जे थोडं लागलंय त्यातलं हे एक: मुलाच्या भीतीशी भांडण्याआधी ती काय दाखवतेय ते पाहायचं.

वडिलांनाही हे कबड्डीच्याच भाषेत पटलं. तिथे चढाई करणारा आपल्या अंगणात येतो, आपण त्याला वाकून किंवा मागून धरतो. इथे माणूस वेगानं पळत येतो. कबड्डीच्या सवयीनं घोट्यावर झेप घेतली की डोकं पावलांपुढे येतं.

मग पायऱ्या ठरवल्या, प्रशिक्षकांशी बोलून. आधी पडणं: हनुवटी छातीला, चेंडू पोटाशी, खांद्याच्या कडेवर गडगडायचं. पडताना हात जमिनीवर टेकायचा नाही. मनगट नाहीतर गळ्याजवळचं हाड मोडतं ते तिथेच. आठवडाभर एवढंच, पाऊस पडून गेल्यावरच्या मऊ गवतावर. नंतर दोघंही गुडघ्यावर बसून धरणं. मग समोरचा चालत, मग अर्ध्या वेगानं, शेवटी पाच मीटर रुंद पट्ट्यात. जोडी वजनाची, वयाची नव्हे. तेराव्या वर्षी एक ३४ किलोचा असतो, एक ५८चा. एका वेळी पंधरा मिनिटं पुरे, कारण दमलेलं मूल मान टाकतं.

आणि नजर? समोरच्याच्या चड्डीच्या नाडीवर. डोळे, खांदे हुलकावणी देतात, कंबर देत नाही. पाऊल त्याच्या जवळ पडलं की खांदा मांडीच्या वरच्या भागाला, आपला गाल त्याच्या ढुंगणाला, म्हणजे डोकं मागच्या बाजूला. हात गुंडाळून बांधायचे, पाय चालू ठेवायचे. हे ‘ढुंगण’ ऐकून मुलगा इतका हसला की पुढच्या तीन भेटी त्याच शब्दावर निघाल्या. हसताना डोळे उघडे होते, ते मी पाहिलं.

पालकांनी प्रशिक्षकांना तीन गोष्टी विचाराव्यात. टॅकल किती आठवड्यांनी सुरू करता? जोड्या कशा लावता? डोक्याला लागलं तर मुलाला बाहेर कोण काढतं? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर मुलाला तूर्त स्पर्शाच्या रग्बीतच ठेवा, तिथे धरपकड नसते. डोकं आपटून मूल एकच प्रश्न पुन्हा विचारतंय, झोकांडतंय, उलटी करतंय, तर सामना तिथेच संपला आणि लगेच डॉक्टर गाठायचे. “बरं वाटतंय” म्हणालं तरी त्या दिवशी परत उतरवायचं नाही; पुढे किमान २१ दिवस सामना नाही, आणि डॉक्टरांच्या होकाराशिवाय तर नाहीच. माउथगार्ड दात वाचवतो, मेंदू नाही.

दोन महिन्यांनी टीम ५–३५ अशी हरली. ट्राय दुसऱ्याच मुलाचा. याच्या हातून तीन जण निसटले, चौथ्याच्या वेळी समोरच्याची चड्डीच हातात आली आणि दोघंही चिखलात बसून हसत राहिले. वडिलांनी फोनवर हे सांगितलं, आणि मग म्हणाले, “मॅडम, आज विंगला नव्हता. मधे खेळला.”