थापी हातात आहे, नकाशा शिकायचाय

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रानुसार मुलाला दहावीला 58 टक्के आहेत. तीन सुट्ट्या तो वडिलांसोबत साइटवर गेला, त्याला वीटकाम आवडतं आणि आयटीआय करायचंय. वडील मिस्त्री आहेत. ‘थापी मीच शिकवतो, दोन वर्षं कशाला घालवायची,’ असं त्यांचं म्हणणं.

थापी, ओळंबा, पाणसळ आणि दोरी वडिलांकडूनच शिकावीत, हे मला मनापासून पटतं. मग घरी जे मिळतंय त्यासाठी आयटीआयच्या गवंडीकामाच्या ट्रेडला (अभ्यासक्रमाला) एक वर्ष देण्यापेक्षा त्यानं ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे आरेखक स्थापत्य, हा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. मिस्त्रीची वाट बहुतेक वेळा नकाशापाशी अडते. कॉलमचं सेंटर कुठं आणि सळईचा लॅप, म्हणजे दोन सळयांचा एकमेकींवर चढवलेला जोड, कुठं द्यायचा, हे वाचता येत नाही म्हणून तो आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावर काम करतो.

सळईचा हिशेब घ्या. मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरमागे किलो. 12 मिमीची सळई मीटरला 0.889 किलो भरते, 12 मीटरची अख्खी सळई 10.67 किलो. वजनकाट्याची पावती तपासायला एवढं पुरतं. काँक्रीटचंही तसंच. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला पाणी-सिमेंट प्रमाण 0.5 धरलं तर पाणी 25 लिटर, आणि ओल्या वाळूतलं पाणी यातूनच वजा करायचं. माल सरसर ओतला जावा म्हणून साइटवर वर आणखी एक बादली टाकतात. ते जादा पाणी उडून गेलं की मागे बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. कारण कळलेला मुलगा ती बादली अडवतो.

लाइनआउट करताना, म्हणजे जमिनीवर बांधकामाची आखणी करताना, 3-4-5 चा काटकोन (3, 4 आणि 5 फूट बाजूंचा त्रिकोण) सगळ्यांना माहीत असतो. पण मोठ्या खोलीला एवढ्या लहान मापावर अर्ध्या इंचाची चूक पुढं वाढत जाते. तिथं 6-8-10 फूट घ्यावं आणि शेवटी खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे आले तरच पुढं जायचं.

प्रवेश ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं होतो. नाशिकमधल्या सातपूरच्या शासकीय आयटीआयसह जिल्ह्यात या ट्रेडला कुठं जागा आहेत ते आधी पाहून मगच पसंतीक्रम भरा. खासगी संस्था असेल तर त्या ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी) संलग्नता आहे का, हे तपासल्याशिवाय फी भरू नका. साइटवर रोजंदारी मिळते म्हणून मुलं दांड्या मारतात आणि 80 टक्के हजेरी न भरल्यानं परीक्षेला मुकतात. साइट फक्त रविवारी.

दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनात सिव्हिल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तिथं मुलं गणितात अडखळतात, कारण पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं. त्रिकोणमिती आणि बीजगणिताची उजळणी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू ठेवा.

आणखी एक. वडिलांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांच्या शिक्षणाला मंडळाकडून मदत मिळते. नूतनीकरण राहिलं असेल तर प्रवेशाआधीच करून घ्या.