वकिली सोडू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पक्षातून तिकिटाची विचारणा झाली, घरचे म्हणतात कोर्ट सोडून पूर्णवेळ उतर, आणि तू विचारतेस, ‘सर, दोन्ही कसं जमणार?’ जमवावं लागेल. वकिली सोडू नकोस.

कायद्याची आडकाठी नाही. आमदाराला वकिली करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. प्रश्न चुलीचा आहे. 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर सभागृहात व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला की आमदारकीवर टाच येते. ज्याची चूल आमदारकीवरच पेटते, तो मग पक्षाच्या बैठकीतही तोंड उघडत नाही. मी आमदार असताना उघडायचो, कारण नागपूर खंडपीठात माझं मॅटर सुनावणीच्या बोर्डावर असायचं.

दुसरं, विधेयक वाचणारी नजर कोर्टातच तयार होते. ‘शासन अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अमलात येईल’ ही ओळ सगळे ओलांडून पुढे जातात. आपल्या राज्याचा रोजगार हमीचा कायदा 1977 चा, पण तो अमलात आला 26 जानेवारी 1979 ला! योजना आधीपासून सुरू होती म्हणून निभावलं. कायद्यानं दिलेला हक्क मात्र तोवर कागदावर. अशी ओळ तुला खटकली पाहिजे. भाषणं करून ती खटकत नाही गं, रोज उलटतपासणी करून खटकते.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपुरात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवतात ना, तिथे जात जा. बाया निवेदन घेऊन रस्त्यावर बसलेल्या असतात. निवेदन स्वीकारताना फोटो काढून घेणारे पुष्कळ येतात. तू जीआरची, म्हणजे शासन निर्णयाची, तारीख विचार, जोडपत्रं चाळ, आणि तिथेच ठरव की तातडीची लक्षवेधी सूचना लावायची की मंत्र्याचं तोंडी उत्तर मागणारा तारांकित प्रश्न.

माझ्याबद्दल मतदारसंघात बोललं जायचं, वकीलसाहेब लग्नाला येत नाहीत, तेरवीला येत नाहीत. नव्हतो जात. रात्री आमदार निवासात बसून दुरुस्त्या लिहीत होतो. एका विधेयकात अपील निकाली काढायला मुदतच नव्हती, ती माझ्या दुरुस्तीनं आली. तिकीट कापलं गेलं तेव्हा हे कोणालाच आठवलं नाही. तो सल अजून आहे. तरी सांगतो, पुन्हा संधी मिळाली तर लग्नं चुकवीन, दुरुस्ती चुकवणार नाही.

पथ्य मात्र कडक पाळायचं. ज्या विषयावर सभागृहात बोललीस, त्यातलं वकीलपत्र घ्यायचं नाही, फी कितीही मोठी असो. अधिवेशनाच्या तोंडावर नवी मॅटर नको. हातातल्या पक्षकारांना वाऱ्यावर सोडू नकोस, चांगला ज्युनिअर आत्ताच शोध. आणि उद्या मंत्री झालीस तर काळा कोट उतरवावा लागेल. तेवढी एकच सूट तुला देतो.

फॉर्म भरायच्या आधी शपथपत्र मला आणून दाखव. व्यवसायाच्या रकान्यात ‘समाजसेवा’ लिहिलेलं दिसलं, तर मी ते खोडून ‘वकिली’ लिहायला लावीन.

तुझा,
सर