पंधरा वर्षं फुकट जातील का?

चाळिशीत काम बदलू पाहणारे जवळपास सगळेच हे विचारतात. अलीकडे हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी सिंगापूरहून ऑनलाइन आला. मोठ्या हॉटेलातले मराठी सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचे (ओळखीचे तपशील बदलले आहेत). दिवस बुफे आणि फूड कॉस्टच्या तक्त्यांत जायचा, जीव मात्र मलाक्का-पेनांग-सिंगापूरच्या पेराणाकन (तिथे स्थायिक झालेल्या चिनी लोकांच्या वंशजांच्या) घरांतल्या न्योन्या, म्हणजे चिनी-मलाय मिश्र स्वयंपाकात अडकलेला.

"राजीनामा देतो, रेस्तराँ काढतो. नाहीतर इथेच कुजायचं."

भीतीशी झगडण्याआधी तिच्यामागचा समज तपासावा, या मताची मी आहे. इथला समज होता, बदल म्हणजे रेस्तराँच. मी एवढंच विचारलं, "घड्याळाकडे लक्ष जात नाही असं काम कोणतं?"

"रेम्पाह वाटणं. या स्वयंपाकाचा ओला मसाला." आणि ते खुलले. गवती चहाचा पांढरा बुंधा आणि गलंगल (आल्यासारखा कंद) आधी कुटायचं, मग कँडलनट ही तेलकट बी, भिजवलेली सुकी मिरची, पाणी सुटणारे छोटे कांदे शेवटी. मिक्सरमध्ये पाणी घातलं की वाटण परतण्याऐवजी उकळतं आणि कांद्याचा कच्चा वास राहतो. आच मोठी असली तर तेल सुटायच्या आत मिरची करपून कडवटते. बुआह केलुआक या फळाच्या, याच स्वयंपाकात लागणाऱ्या बिया मुळात विषारी. उकळून, राखेत पुरून विष काढलेल्याच आणायच्या, तरी घरी काही दिवस पाणी बदलत भिजवायच्या.

"एवढ्या बोलण्यात गिऱ्हाईक एकदाही आलं नाही," मी म्हटलं.

बराच वेळ शांतता. मग, "मॅडम, मला रेस्तराँ नकोच आहे. हात पुन्हा खलबत्त्यावर हवाय."

आधीच सल्ला दिला असता, तर आम्ही कर्जाचे हप्ते मोजत बसलो असतो.

पुढचं सगळं व्यवहाराचं. त्यांचा वर्क पास, म्हणजे परदेशी माणसाचा कामाचा परवाना, नोकरीला बांधलेला. राजीनाम्याबरोबर तो जातो, आणि त्यावर दुसऱ्याकडे काम करता येत नाही. म्हणून प्रयोग स्वतःच्याच हॉटेलात: आठवड्यातून एकदा न्योन्या काउंटर, एकच पदार्थ, सहा आठवडे. दर वेळी तीन नोंदी. ताटामागे खर्च, उरलेलं अन्न, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटण करावंसं वाटलं का. तिसरी नोंद लोक टाळतात. मी तीच आधी वाचते. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, पत्नीला आकडे दाखवून.

काउंटरचा खर्च पहिल्याच आठवड्यात हिशोबात बसला, तो पंधरा वर्षं भरलेल्या तक्त्यांच्या जोरावर.

आता ते त्याच हॉटेलात, न्योन्या किचनमध्ये, एक पायरी खालच्या पदावर आहेत. पगार घटला. त्यावर नवरा-बायकोची बोलणी अजून चालू आहेत.