वाचकांचे प्रश्न : मंडईच्या मंचावर ऑथेल्लो

प्रश्न : मंडईनिमित्त (दिवाळीनंतरची आमच्याकडची गावजत्रा) आमचे मंडळ यंदा शेक्सपियरचे ‘ऑथेल्लो’ बसवते आहे. नायक कृष्णवर्णीय सेनापती आहे, त्याला काळा रंग लावावा का? वेळ वाचवायला व्हेनिसचा पहिला अंक गाळला तर चालेल का?
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : रंग लावू नका. हॅलोजनखाली घामाने तो ओघळतो, त्याच्या गोऱ्या बायकोच्या, डेस्डेमोनाच्या साडीला लागतो आणि ऐन शोकांतिकेत हशा पिकतो, ही झाली किरकोळ अडचण. खरी अडचण अशी की आपल्याकडे तोंडाला काळे फासणे ही धिंडीची शिक्षा आहे. माणूस मंचावर येताक्षणीच अपमानित दिसतो. शेक्सपियरचा ऑथेल्लो मात्र पहिल्या अंकात सगळ्यांत शांत आणि भारदस्त माणूस आहे. गोऱ्या नटांनी रंग फासून ही भूमिका करायची प्रथा इंग्लंडात फार काळ चालली. आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय नटाने १८३३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ती केली, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्याच्या वर्णावरूनच गरळ ओकली.

शिवाय आपल्या गावात एकाच घरात एक भाऊ काळा नि दुसरा गोरा असतो. रंगावरून परका कोण ते कळत नाही. कळते ते कपावरून. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो सांगतो की डेस्डेमोनाचा बाप ब्राबान्शियो त्याला वारंवार घरी बोलवायचा, लढायांच्या हकिकती ऐकायचा. हे पडदा उघडताच मूकपणे दाखवा. ओसरीवर पाच जण बसलेत, चार स्टीलचे कप, पाचवा फुटक्या कानाचा. चहा झाल्यावर चार कप आत जातात, पाचवा ऑथेल्लो स्वतः विसळून वळचणीला ठेवतो. दीड मिनिट पुरे. संवाद घालू नका, पार्श्वसंगीतही नको.

पहिला अंक गाळू नका. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या १८८७ च्या ऑपेरात तो गाळला आहे, पण तिथे संगीत आधाराला होते. पहिल्या दोन प्रवेशांत ऑथेल्लोचे नाव कोणीही घेत नाही. ‘तो मूर’ (म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा), ‘जाड ओठांचा’, ‘काळा एडका’ वगैरे. नाव प्रथम घेतो व्हेनिसचा सत्ताधीश ड्यूक, तिसऱ्या प्रवेशात, तेही तुर्कांशी लढायला सेनापती हवा म्हणून. भाषांतरात हा क्रम मोडला की नाटक मोडले. त्याच प्रवेशात ब्राबान्शियो बजावतो : हिने बापाला फसवले, तुलाही फसवेल. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा, त्याच्याच हाताखालचा कपटी इयागो हेच वाक्य विष म्हणून वापरतो. मूळ वाक्य गाळले की ऑथेल्लो उपजतच संशयी वाटतो आणि प्रेक्षक म्हणतो, ‘जातीवर गेला शेवटी’. म्हणजे इयागोचेच खरे ठरले!

वेळ वाचवायचा तर दुसऱ्या अंकातील दवंडीचा प्रवेश काढा, विदूषकाचे तुकडे काढा, वादळाचे वर्णन चार ओळींवर आणा. इयागोच्या वाट्याला हजारावर ओळी आहेत, त्याची स्वगते निम्मी करा. ‘काळा एडका’ म्हणताना तो नट टाळ्या घ्यायला लागतो, हे हमखास होते. त्या क्षणी प्रकाश त्याच्यावरून काढून ब्राबान्शियोच्या चेहऱ्यावर टाका. घरी चहा पाजणारा हा माणूस ते ऐकून काय करतो, ते दिसले पाहिजे.

प्रश्न : आपल्याकडे वंशभेद नाहीच. मग हे नाटक गावाला कसे भिडणार?
— एक शिक्षिका, जि. भंडारा

उत्तर : जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये मांडले. तेव्हा दोन्ही एकच आहेत असे सांगत बसू नका. साम्य आहे ते वागण्यात. तिसऱ्या अंकातला इयागोचा युक्तिवाद पाहा : हिने आपल्या देशाची, आपल्या रंगाची, आपल्या दर्जाची स्थळे नाकारली, म्हणजे हिच्यात काहीतरी खोट आहे. आता लग्नाचा कोणताही बायोडाटा काढा. गाव, वर्ण (गोरा, निमगोरा, गव्हाळ), जात, पोटजात. तेच रकाने. तालमीच्या पहिल्या दिवशी नटांना असा एक कोरा बायोडाटा द्या आणि इयागोचे ते भाषण त्याच्या शेजारी ठेवून मोठ्याने वाचायला लावा. आमच्या मते या नाटकातली सर्वांत भीषण जागा शेवटी ऑथेल्लो डेस्डेमोनाचा करतो तो खून नव्हे. ‘मी काळा आहे म्हणून असेल’ हे ऑथेल्लो स्वतःच म्हणतो, ती आहे. सावळ्या मुलीला हळद-चंदनाचे लेप लावणाऱ्या घरात हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. नटाला ते हळू, जवळजवळ पुटपुटत म्हणू द्या. माइक जवळ ठेवा.

प्रश्न : आमच्या नाटकात विनोदासाठी एक आदिवासी पात्र आहे, पिसे लावलेले. ठेवावे का?
— एक दिग्दर्शक, जि. चंद्रपूर

उत्तर : काढा. प्रेक्षकांत गोंड आणि माडिया कुटुंबे बसलेली असतात. पात्र कथेला हवेच असेल तर पिसे आणि ‘हुर्र’ जाऊ द्या, त्याला गावातल्या इतरांसारखे कपडे द्या आणि त्याचे चार संवाद गोंडी बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. तालमीला त्यालाच बसवा, कारण उच्चार चुकला की तिथेही हसतात.